उणे चौदा नंबरचा पेशंट

गुरुवारी सकाळी अकरा वाजता बाबांचा फोन आला, तेव्हा ती ऑफिसात एका सहकाऱ्याला त्याची चूक समजावून सांगत होती. चुका समजावून सांगणं हेच तिचं काम होतं. खिडक्या, बटणं, याद्या असलेले प्रोग्रॅम इतरांनी लिहायचे आणि त्यात कुठे काय बिघडलंय ते तिनं शोधायचं. पंधरा वर्षं हे केल्यावर माणसाला जी एक नजर येते, ती तिला आली होती, आणि ती नजर ती घरी येताना ऑफिसात ठेवून येत नसे. म्हणून बाबा तिला ‘साहेब’ म्हणत. “आमच्या घरात दोन जण कधीच चुकत नाहीत,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. “एक भिंतीवरचं घड्याळ, दुसरे आमचे साहेब. त्यातलं घड्याळ बंद आहे.”

“साहेब, दोन मिनिटं आहेत का?”

“एक आहे बाबा. बोला.”

“नंबरचा प्रोग्रॅम झाला! बटण दाबलं की नंबर पुढे जातो, नाव बदलतं, सगळं होतं. दहा दिवस झाले, एक तक्रार नाही.”

“छान. नंबर आणि नाव साठवायचं ऑब्जेक्ट कुठे ठेवलंय?”

“टाकी म्हणतेस ना? बाहेर ठेवलीय. अगदी वर, प्रोग्रॅमच्या सगळ्या तुकड्यांच्या, फंक्शनांच्या बाहेर. म्हणजे ज्याला पाणी हवं त्यानं यावं आणि घ्यावं.”

“बाबा! म्हणजे ग्लोबल? ग्लोबल कोण ठेवतं?”

“मी,” बाबा म्हणाले.

“आत घ्या ती. पडद्यावरची खिडकी बनवता त्या फंक्शनच्या आत. आणि बटण जोडताना तिचा पॉइंटर पाठवा.”

“म्हणजे टाकी उचलून द्यायची नाही, टाकी कुठे आहे त्याचा नकाशा द्यायचा.”

“बरोबर.”

“पण आत्ता चालतंय की गं.”

“चालतंय म्हणजे बरोबर आहे असं नसतं, बाबा.”

“हेही खरंच. पण साहेब, एक शंका आहे. समजा टाकी आत बांधली, आणि मग…”

“बाबा, माझी मीटिंग आहे. रविवारी येतेच आहे ना, तेव्हा सगळ्या शंका काढू.”

“बरं बरं. तू जा. मी बांधायला घेतो.”

इतकंच. शुक्रवारी पहाटे झोपेतच बाबा गेले. रविवारी ती आधी ठरल्याप्रमाणे घरीच होती, पण शंका विचारायला कोणी नव्हतं.

बाबांनी चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशे काढले होते. कोणती नळी कुठून जाते, कोणती झडप कोणत्या कोपऱ्यावर आहे, हे त्यांना स्वतःच्या तळहातासारखं ठाऊक. त्यांची एक आवडती गोष्ट होती. खात्यानं एकदा नवी नळी एका जुन्या टाकीला जोडायचं ठरवलं. माणसं नकाशा घेऊन महिनाभर खणत गेली, आणि टाकीच्या जागी पोचली तर तिथे सपाट मैदान. टाकी दोन वर्षांपूर्वीच पाडली होती. मोठे अधिकारी भडकले, चूक कोणाची म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, “नकाशा बरोबर आहे साहेब. टाकीनं जाताना कळवायला हवं होतं.” ही गोष्ट तिनं निदान पन्नास वेळा ऐकली होती, आणि विसाव्या वेळेनंतर हसणं सोडून दिलं होतं.

निवृत्तीनंतर सहा महिने ते घरात अस्वस्थ फिरले. मग एक जाडजूड पुस्तक आणून प्रोग्रॅम शिकायला बसले. त्याच इमारतीत तळमजल्यावर दातांचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंचा हात हलका होता, पण बाहेर बसलेल्यांत ‘आधी मी’ ‘आधी मी’ अशी रोज जुंपायची. दात दुखणारा माणूस एरवी गप्प असतो, पण दुसरा पुढे घुसला की त्याला वाचा फुटते. बाबांनी ते मनावर घेतलं. भिंतीवर एक टीव्ही लावला, काउंटरवरच्या मावशींच्या संगणकावर ‘पुढचा’ आणि ‘बंद करा’ अशी दोन बटणं दिली. मावशींनी ‘पुढचा’ दाबलं की टीव्हीवर मोठ्या अक्षरांत पुढचा नंबर आणि पेशंटचं नाव. रोज सकाळी नंबर आपोआप पुन्हा एकपासून सुरू व्हायचे, त्यामुळे ‘बंद करा’ दाबायची वेळच येत नसे. आणि सगळ्यांत खाली, कायमची, बाबांनी स्वतः लिहिलेली ओळ: ‘थोडं थांबा. नंबर येतोच.’

बाबा गेल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी आई खाली दवाखान्यात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. मग रोजच दहा ते बारा. कोपऱ्यातली खुर्ची, समोर टीव्ही. दातांना काही झालेलं नव्हतं. त्यातले पुढचे चार तर बदलून नवेच होते. डॉक्टरीणबाईंनी एकदाच विचारलं, “आजी, काही त्रास आहे का?” आई म्हणाली, “नाही हो. नंबर बघते.” डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

तीन-साडेतीन आठवडे हे असं चाललं. मग एका मंगळवारी मावशींना चहा प्यावासा वाटला.

काउंटरमागे प्लगची जागा एकच, आणि तिच्यात संगणक. त्यावर बाबांच्या सुबक, नकाशावर लिहिल्यासारख्या अक्षरात चिठ्ठी होती: ‘हे यंत्र बंद करू नये.’ मावशींनी ती वाचली, दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे असं मनाशी म्हटलं, संगणक काढला आणि किटली लावली. चहा झाल्यावर संगणक परत लावला. तो सुरू झाला, प्रोग्रॅम सुरू झाला, टीव्हीवर नंबर आला. मावशींनी समाधानानं पहिला घोट घेतला.

पावणेअकराला आईचा फोन.

“अगं, यांचा प्रोग्रॅम बिघडलाय.”

“काय होतंय?”

“नऊपर्यंत नंबर नीट आले. मग एकदम बत्तीस हजार सातशे चौसष्ट.”

“पेशंट किती आहेत?”

“सहा.”

“बरं. मग?”

“मग उणे चौदा. इथं एक गाल सुजलेले गृहस्थ आहेत, त्यांचा नंबर दहा. ते विचारतायत, उणे चौदा चालू असेल तर मी अजून घरातनं निघायचं बाकी आहे का?”

“आई, मावशींना सांग, कागदावर नंबर लिहा. मी दुपारी…”

“अगं, थांब, आता नावाच्या जागी ‘बंद करा’ आलंय. एकानं पंखा बंद केला.” मागून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. “दुसऱ्यानं दारही लावून घेतलं. आता सगळे आत उकडतायत. तू येच.”

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून बसमध्ये बसली. वाटेत आईचे आणखी तीन फोन आले. पहिल्या फोनमध्ये टीव्हीवर ‘१ पुढचा’ असं आलं होतं, आणि तो आपलाच नंबर असं समजून दोन जण एकदम आत शिरले होते. दुसऱ्या फोनमध्ये त्या गडबडीत डॉक्टरीणबाईंनी भलत्याच माणसाला खुर्चीत बसवलं होतं. तो बिचारा बायकोच्या सोबतीला आलेला. त्यानं “अहो, मी नाही” म्हणायला तोंड उघडलं, आणि दातांच्या डॉक्टरसमोर तोंड उघडणाऱ्या माणसाला पुढे काही बोलता येत नाही. तिसरा फोन आला तोवर त्याची दाढ भरून झाली होती.

ती पोचली तेव्हा तो दाढ भरलेला गृहस्थ गाल धरून बसला होता आणि बायको त्याच्यावर डाफरत होती, “एक काम सांगितलं होतं, सोबत चला म्हणून!”

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हातमोजे काढता काढता म्हणाल्या, “कीड होती हो. मी उगाच नाही भरलं.” मग तिच्याकडे वळून आवाज खाली आणला. “हे बघा, तुमच्या वडिलांनी फार मनापासून केलं होतं. पण आज हा प्रकार झाला. उद्या एक माणूस नंबरचं तयार यंत्र घेऊन येतोय. दुपारपर्यंत हे नीट झालं तर त्याला नको म्हणते. नाहीतर माझाही नाइलाज आहे.”

“नीट म्हणजे, मी तासाभरात नवाच लिहून देते,” ती म्हणाली. “याच्याहून चांगला.”

कोपऱ्यातून आईचा आवाज आला. “तुझा नको.”

“आई, कोणाला कळणार आहे? दिसायला अगदी तसाच करीन.”

“तुझा नको. त्यांचा दुरुस्त कर.” आई टीव्हीकडे बघत होती. खालच्या ओळीच्या जागी आता चौकोन आणि प्रश्नचिन्हं आली होती. “जमत नसेल तर तसं सांग.”

साहेबांना ‘जमत नसेल तर’ असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. तिनं मावशींच्या बाजूची स्टुलं ओढली, एकावर स्वतः बसली आणि एकावर पिशवी ठेवली. संगणकात बाबांनी ‘पाणीपुरवठा’ नावाचा एक कप्पा केला होता. त्यात त्यांचा प्रोग्रॅम.

पहिल्याच ओळीला तिला थांबावं लागलं. नंबर, नाव आणि खालची ओळ ज्या ऑब्जेक्टमध्ये ठेवली होती त्याचं नाव ‘टाकी’. ‘पुढचा’ बटण दाबलं की जे फंक्शन चालायचं त्याचं नाव ‘नळ_सोड’. टीव्हीवर अक्षरं काढणारं ‘घरोघरी_पोचव’. प्रोग्रॅम बंद करणारं ‘मुख्य_झडप’.

सुजलेल्या गालाचे गृहस्थ तिच्या खांद्यावरून डोकावत होते. “हे दातांचं आहे की पाण्याचं?”

“तुम्ही बसा ना.”

“कशाला बसू? उणे चौदा चालूय. मला भरपूर वेळ आहे.”

“त्या वरच्या चौकोनात काहीतरी लाल दिसतंय बघा,” दाढ भरलेला गृहस्थ अर्ध्या तोंडानं म्हणाला.

“तुम्ही बोलू नका,” त्याची बायको म्हणाली. “दोन तास काही खायचं नाही, बोलायचंही नाही.”

“बोलू नका असं डॉक्टर नाही म्हणाल्या.”

“मी म्हणते.”

ती वाचत होती. बाबांची शिस्त मात्र पक्की. प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर तारीख, खाली एक ओळीची टीप. ‘येथे टाकी घेऊ नये, फक्त नकाशा घ्यावा.’ ‘येथे नकाशा पुढे द्यावा.’ एका फंक्शनकडून दुसऱ्याकडे पॉइंटर असा नीट हातोहात दिलेला होता, की तिच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना दाखवावा. मग ती खिडकी बनवणाऱ्या फंक्शनवर आली, आणि दहा सेकंदांत तिला चूक दिसली.

“सापडली!” ती जवळजवळ ओरडलीच. सगळी खोली तिच्याकडे बघू लागली. “आई, बघ. ही टाकी आहे ना, ती बाबांनी या फंक्शनच्या आत बांधली. फंक्शनचं काम काय, तर खिडकी उभी करायची. खिडकी उभी राहिली, फंक्शन संपलं. आणि फंक्शन संपलं की त्याच्या आत बांधलेलं सगळं पाडून टाकतात. टाकीसकट.”

“मग बटण कुठे जातं?” आईनं विचारलं.

“त्याच पत्त्यावर. त्याच्याकडे नकाशा आहे ना. ते जातं बिचारं, नळ सोडतं. पण तिथं आता टाकी नाही. त्या जागेत दुसऱ्याच कोणाचं सामान येऊन पडलंय. जे हाताला लागेल ते घेऊन येतं. कधी बत्तीस हजार, कधी उणे चौदा.”

“आणि नऊपर्यंत कसं बरोबर आलं?” मावशींनी विचारलं. त्यांना आपल्या चहाची बोच लागली असावी.

“नशीब. पाडलेल्या जागेत लगेच कोणी राहायला आलं नाही, तर जुनं तसंच दिसत राहतं थोडा वेळ.” ती मागे टेकली. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच तिला बरं वाटत होतं. इथे काहीतरी बिघडलं होतं आणि ते दुरुस्त होण्यासारखं होतं. “नवशिक्याची चूक आहे. सगळे करतात. बाबांना कोणी नीट सांगितलं नसेल.”

आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. “आलेच,” म्हणाली आणि जिन्याकडे गेली.

खोलीत चर्चा सुरू झाली. दाढ भरलेल्या गृहस्थाचं म्हणणं, चूक विजेची. त्याच्या बायकोचं म्हणणं, चूक त्याची, कारण तो नंबर न बघता आत गेला. मावशी म्हणाल्या, “किटलीनं असं होत असतं तर जगात कोणी चहा प्यायलं नसतं.”

आई परत आली तेव्हा तिच्या हातात हिरव्या पुठ्ठ्याची वही होती. बाबा ऑफिसात असताना रोजच्या कामाची नोंद ठेवायचे, ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. “ही यांच्या टेबलाच्या कप्प्यात होती,” आई म्हणाली. “मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून तुला दाखवलं नव्हतं. शेवटचं पान बघ.”

तिनं पान उलटलं. गुरुवारची तारीख. नकाशावर नावं लिहितात तसं सरळ, एकाच उंचीचं अक्षर.

‘सकाळी ११. साहेबांशी फोन. हुकूम: टाकी बाहेर ठेवू नये. आत बांधावी व नकाशा पाठवावा. त्याप्रमाणे केले. घरी पंधरा वेळा बटण दाबून पाहिले, ठीक.’

‘शंका: आत बांधलेली टाकी, फंक्शन संपल्यावर पाडतात काय? तसे असल्यास मैदानाचा प्रकार होईल. रविवारी साहेबांना विचारणे.’

‘सायंकाळी दवाखान्यात नवीन बसवले. यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यावर लागू होईल, तोवर जुनेच चालेल. शंका मिटेपर्यंत बंद करू नये म्हणून चिठ्ठी लावली. जुनेही कप्प्यात ठेवले आहे.’

आणि खाली, कंसात, जरा लहान अक्षरात: ‘(जुने चालत होते. पण साहेब म्हणतात म्हणजे बरोबरच असणार.)’

तिनं ते एकदा वाचलं. मग चिठ्ठीकडे पाहिलं. ‘हे यंत्र बंद करू नये.’ पाच आठवडे ती चिठ्ठी तिची चूक झाकून उभी होती.

“काय लिहिलंय?” आईनं विचारलं.

“थांब जरा.”

‘पाणीपुरवठा’च्या आत, सगळ्यांत खाली, आणखी एक कप्पा होता. नाव: ‘जुने_चालणारे’. तिनं तो उघडला. टाकी अगदी वर, सगळ्या फंक्शनांच्या बाहेर, उघड्यावर, ज्याला पाणी हवं त्यानं यावं आणि घ्यावं अशी. प्रोग्रॅम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत कोणी पाडणार नाही अशी. एवढ्याशा दवाखान्याला, एका टीव्हीला आणि दोन बटणांना याहून जास्त काही लागत नव्हतं. तिनं एक ओळही बदलली नाही. नवं काढलं, जुनं बसवलं, आणि संगणक स्वतःच्या हातानं बंद करून पुन्हा सुरू केला.

टीव्ही क्षणभर काळा झाला. मग मोठ्या अक्षरांत शून्य आलं, आणि खाली, जागच्या जागी, ती ओळ.

‘थोडं थांबा. नंबर येतोच.’

आई खुर्चीत बसली. तिनं पदराच्या टोकानं चष्मा पुसला, आणि पुन्हा टीव्हीकडे बघायला लागली.

मावशींनी घाबरत घाबरत बटण दाबलं. एक. दोन. तीन. खोलीतले सगळे एका सुरात मोजायला लागले. नऊला आवाज बारीक झाले. मावशींनी डोळे मिटून दाबलं.

दहा.

टाळ्या पडल्या. डॉक्टरीणबाई दारातून डोकावल्या, टीव्हीकडे बघितलं, आणि काउंटरवरचा फोन उचलून कोणाला तरी म्हणाल्या, “उद्या येऊ नका. आमचं चालतंय.” मग मावशींना म्हणाल्या, “आणि किटलीला वेगळी जागा करून घ्या. मी सांगते वायरमनला.”

सुजलेल्या गालाचे गृहस्थ आपला नंबर येऊनही जागचे हलले नाहीत. सकाळपासून इतकं सगळं बघितल्यावर शेवट न ऐकता आत जायला त्यांचं मन घेईना. “पण बाई,” त्यांनी विचारलं, “नेमकी चूक निघाली कोणाची? विजेची?”

“यांचीच असणार,” दाढवाल्याची बायको म्हणाली.

“तुमच्या वडिलांची म्हणालात ना मघाशी?” मावशींनी आठवण करून दिली. “नवशिक्याची?”

सगळी खोली तिच्याकडे बघत होती. आईही. ती काहीतरी पुटपुटली.

“मोठ्यानं बोल गं,” आई म्हणाली. “मला नाही ऐकू आलं.”

तिनं वही मिटून मांडीवर ठेवली. टीव्हीवर दहा नंबर थांबून होता, त्याच्या खाली ती ओळ. ती उभी राहिली आणि भिंतीकडे बघून, कोणालाही ऐकू जाईल इतक्या स्वच्छ आवाजात म्हणाली,

“बाबा, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं.”